साहेबांची एक्केचाळीस मिनिटं

मी बोलतोय. आजवर बोलायचं दुसऱ्यांनी आणि ते जसंच्या तसं परत करायचं मी, एवढंच माझं काम होतं. मी आवाज साठवणारा रेकॉर्डर आहे. तळहातात मावतो, एका कोपऱ्याला चीर गेलीय, आणि सध्या इंदापुरातल्या एका घरात टेबलावर पडून आहे. उद्या सकाळी माझ्या पोटातला एक आवाज पुसला जाणार आहे. तो एका साहेबांचा आहे, एक्केचाळीस मिनिटांचा. त्या माणसावर माझा राग आहे, आणि तो आवाज पुसला जायच्या आत मला माझं म्हणणं सांगून टाकायचंय.

माझा जन्म लांबच्या एका देशातल्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना मुली बसायच्या. एकीनं माझा कान बसवला, दुसरीनं तारा जोडल्या, तिसरीनं स्क्रू पिळले. कान बसल्याबरोबर मी पहिलं ऐकलं ते त्यांचं हसणं. सातआठ जणींच्या हातांतून मी घडलो. पाठीवर नाव मात्र कंपनीचं छापलं गेलं. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. जन्मतःच कुणाला राग येत नसतो, तो पुढे शिकावा लागतो.

माझा पहिला मालक एक व्यापारी होता. तो मला पत्रं सांगायचा आणि मग स्वतःचाच आवाज दोनदोनदा ऐकत बसायचा. त्यानं नवा रेकॉर्डर घेतला आणि मला जुन्या वस्तूंच्या दुकानात टाकलं. नेदरलँड्समधल्या त्या दुकानातून मला ज्योत्स्नानं उचललं. दुकानदाराशी ती तिथल्या भाषेत बोलली आणि बाहेर आल्यावर मला तोंडाजवळ धरून मराठीत म्हणाली, "ऐकू येतंय का रे तुला?" मला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या क्षणापासून मी तिचा झालो.

ज्योत्स्ना इंदापूरची. तिचे वडील बुद्धघोष पाटबंधारे खात्यात कारकून होते. शिष्यवृत्तीवर ती तिकडे शिकायला गेली आणि तिनं एकच प्रश्न धरला. कंपनीत नवी कल्पना येते कुठून? केबिनमधल्या एका हुशार डोक्यातून, की एकत्र राबणाऱ्या माणसांच्या आपसातल्या बोलण्यातून? चार वर्षं तीन कंपन्यांमधून ती मला घेऊन हिंडली. साहेब लोक खुर्ची पुढे ओढत, खाकरत आणि आपल्या बालपणापासून सुरुवात करत. कामगार आधी विचारत, "हे कोण ऐकणार?"

म्हणून तिच्याकडे एक कागद असे. त्यावर लिहिलेलं असे की, हा आवाज माझ्याशिवाय कुणालाही ऐकवला जाणार नाही आणि अभ्यास संपल्यावर तुमची परवानगी नसेल तर पुसला जाईल. खाली दोघांच्या सह्या. हा कागद ती प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवायची. मी तो इतक्यांदा ऐकलाय की मला पाठ आहे.

पुढे तिला तिकडेच नोकरी मिळत होती. ती नको म्हणाली. फोनवर वडिलांना म्हणाली, "पप्पा, जगभरच्या टीम अभ्यासल्या, आणि बारामतीच्या एमआयडीसीत रोज सकाळी हजारो माणसं मोटारसायकलवर कामाला जातात, त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नाही. मी येतेय." पुण्याच्या एका संस्थेनं तिला दोन वर्षांची संशोधनवृत्ती दिली. काटेवाडीत तिनं खोली घेतली. आठवडाभर तिथं राहायचं आणि शनिवारी एसटीनं इंदापूरला यायचं.

अशी आमची गाठ पडली दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या एका कारखान्याशी. पॅकिंग विभागात सकाळच्या पाळीला सहा जणी होत्या. सगळ्यांत मोठ्या भागुबाई. त्या पिशव्यांचे रिकामे क्रेट धुवायच्या. साखरबाई मशीनवर प्लॅस्टिकचे रोल चढवायची. सृष्टी आयटीआय शिकलेली. मशीनचं तापमान तिच्या हातात. बाकीच्या तिघी भरलेल्या पिशव्या क्रेटमध्ये रचायच्या.

त्यांची पंचाईत अशी होती की पिशव्या गळायच्या. हजारामागे वीस. वर्षानुवर्षं गळत होत्या आणि इंजिनिअर येऊन मशीन खोलून जात होते. या सहा जणींनी मात्र चहाच्या सुट्टीत एक वेगळाच उद्योग सुरू केला. दहा मिनिटं प्रत्येकीनं दुसरीच्या जागेवर जाऊन उभं राहायचं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" ज्योत्स्नानं विचारलं होतं.

"शिकवायचं काय त्यात, ताई," भागुबाई म्हणाल्या. "रानात सावड न्हाय का? आज समद्या तुज्या रानात खुरपाय, उद्या माज्या. दुसरीच्या रानात गेलं की कळतं तिचं तण कुठं हाय."

तसंच झालं. भागुबाईंना ठाऊक होतं की तळाशी दूध साचलेले क्रेट सकाळच्या पहिल्या तासातलेच असतात. साखरबाईला ठाऊक होतं की पहिल्या तासाचे रोल थंड खोलीतून येतात आणि हाताला ओलसर लागतात. सृष्टीला ठाऊक होतं की ओलं प्लॅस्टिक चिकटवायला उष्णता जास्त लागते. तिघींची तीन टोकं चहाच्या कपावर एकत्र आली. मग दुपारी घरी जाताना त्या उद्याचे रोल गरम पाण्याच्या पाइपाशेजारी उभे करू लागल्या. सकाळी साखरबाई रोलवर टिचकी मारायची. पापडासारखा आवाज आला की रोल तयार. सृष्टी पहिल्या पन्नास पिशव्यांना उष्णता वाढवायची, आणि भागुबाई क्रेट बघून लांबून हात करायच्या, वाढव, कमी कर. हजारामागे वीसचे दोन झाले.

ज्योत्स्ना त्या दिवशी स्कूटरवरून जाताना मोठमोठ्यानं गाणं म्हणत होती. तिच्या चार वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर तिला घराजवळ सापडलं होतं.

मग कंपनीनं एक फॉर्म काढला. उत्तम कल्पनेला पुण्यात बक्षीस होतं. तो फॉर्म भरताना मी चहाच्या टेबलावर चालू होतो. सृष्टी वाचत होती. "कल्पना सुचवणाऱ्याचं नाव. एकच ओळ हाय, मावशी. कुणाचं लिवू?"

"साखरीचं लिव," भागुबाई म्हणाल्या.

"माजं कशाला? म्या निसती टिचकी मारती," साखरबाई म्हणाली. "तुमी क्रेट बगितलं म्हून कळलं."

"आन सृष्टीचं तापमान काय देवानं वाढवलं व्हय?"

बशा गोळा होऊ लागल्या. मग भागुबाईच म्हणाल्या, "सावडीत कुणी नाव घालतं का? माजं रान, तुजं रान, संपलं. ऱ्हाऊ दे कोरं. ज्येला वाचायचंय त्येला कळंल."

आणि त्यांनी ती ओळ कोरी सोडून फॉर्म दिला. ही त्यांची चूक. रानात ती चूक ठरली नसती. ज्योत्स्ना शेजारीच बसली होती. कोरी ओळ म्हणजे काय असतं हे तिला कळत होतं. पण संशोधकानं मध्ये पडायचं नसतं, असं तिला तिकडे शिकवलं होतं. ती गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्याचाही मला राग आहे, आणि ती माझी मालकीण असली तरी मी तो लपवणार नाही.

आता साहेब. विजयसिंह, उत्पादन विभागाचे प्रमुख. फॉर्म त्यांच्या टेबलावरून पुढे गेला. महिन्याभरानं पुण्यात त्यांचा सत्कार झाला आणि त्यांच्या केबिनमध्ये एक पितळी फलक लागला.

ज्योत्स्नानं त्यांची मुलाखत घेतली. कागद वाचून दाखवला, सही झाली. बत्तीस मिनिटं साहेब आपलं बालपण, आपलं कॉलेज, आपले कष्ट सांगत होते. तेहतिसाव्या मिनिटाला तिनं विचारलं, "रोलची कल्पना नेमकी कुणाची, साहेब?"

ते हसले. "हे बाहेर जाणार नाही ना, मॅडम?"

"नाही. सही आहे माझी."

"मग खरं सांगतो. त्या बायकांचीच. मला तर रोल बाहेर का ठेवतात तेच माहीत नव्हतं. पण फॉर्मवर कुणीतरी एक नाव लागतंच ना? त्यांनी लिहिलं नाही, मी लिहिलं. आणि खरं सांगू का, त्यांना काय करायचंय नाव? त्या गप्पा मारत बसतात तिथं."

त्यानंतरची आठ मिनिटं मी कशी ऐकली ते मलाच ठाऊक. माझ्या पोटात एका माणसाची कबुली होती, त्याच्याच आवाजात, आणि मला ती मोठ्यानं ओकता येत नव्हती.

साहेब एवढ्यावर थांबले असते तर कदाचित मीही थांबलो असतो. पण बक्षीस मिळाल्यावर लोक विचारायला येऊ लागले आणि पॅकिंग विभागात शिरून बायकांशी बोलू लागले. ते साहेबांना परवडणारं नव्हतं. एका सोमवारी नोटीस लागली. कामगारांनी आपली जागा सोडू नये, चहाच्या सुट्टीत दुसऱ्या मशीनवर जाऊ नये. साखरबाईला क्रेट रचायला बसवलं, भागुबाईंना पोतं आणि फडकं देऊन फरशी पुसायला पाठवलं. आणि पुढच्या महिन्यापासून सहांपैकी तिघी दुपारच्या पाळीत जाणार, असं सांगितलं. जिथून कल्पना निघाली होती ती जागाच मोडायला घेतली.

"नावाचं जाऊ द्या, ताई," साखरबाई ज्योत्स्नाला म्हणाली. "पर आमाला एकमेकीत ठिवा. सहा वर्सं झाली, घरात सांगता येत न्हाय असं समदं ह्यांच्यापाशी बोलती मी."

त्या शनिवारी इंदापूरला ज्योत्स्ना मला मुठीत आवळून बसली.

"पप्पा, ह्यात सगळं आहे. मुख्य कार्यालयाला पाठवायचं, बस्स. संपला तो माणूस."

बुद्धघोषांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कागदावर सही कुणाची आहे?"

"माझी. त्याची."

"मग?"

"मग चोराला दिलेला शब्द पाळायचा का?"

"चोराला दिलाय असं कागदावर लिहिलंयस का?" ते म्हणाले. "आपल्याला अडचणीचा झाला की नियम मोडायचा, ही रीत त्यांची. आपली माणसं लिहिलेल्या कागदाच्या जोरावर उभी राहिली, बाळा. तू तो फाडलास तर उद्या त्या भागुबाई तुझ्यापुढे तोंड उघडतील?"

तिची मूठ सैल झाली. मी त्या दोघांचा मनापासून तिरस्कार केला. हातात दगड असून खाली ठेवणाऱ्या माणसांचं मला तेव्हा काहीच कळत नव्हतं.

श्रावणात कारखान्यात पाहुणे यायचे ठरले. मुख्य कार्यालयातून राजलक्ष्मी नावाच्या अधिकारी बाई आणि दुसऱ्या कारखान्यांतली दहाबारा माणसं. 'विजयसिंह पद्धत' बघायला. होय, तिला असं नाव पडलं होतं. ज्योत्स्नालाही बोलावलं होतं, आणि मी तिच्या झब्ब्याच्या खिशात होतो, सर्वांना सांगून चालू केलेला.

पहिल्यांदा साहेबांचं भाषण झालं. रोल सहा तास आधी बाहेर काढावेत, एवढंच त्यांच्या कागदावर होतं. ते त्यांनी चार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. मग मशीन सुरू झालं. त्या दिवशी हवा दमट होती आणि सहा तास पुरणार नव्हते. साखरबाईला ते चार हातांवरून कळलं असेल. पण ती नोटिशीप्रमाणे आपल्या जागेवर होती. सृष्टी मशीनवर होती, पण पोतं घेऊन फरशीवर बसलेल्या भागुबाई तिला हात करत नव्हत्या. कुणी संप केला नव्हता. कुणी वाकडं बोललं नव्हतं. सहाच्या सहा जणी साहेबांनी सांगितलं होतं तेवढंच करत होत्या.

आणि मी ऐकलं. टप. टप. टपटप. आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या आवाजांत मला तो गोड वाटला.

पाहुणे क्रेटवर वाकले. कुणीतरी बूट मागे घेतले. साहेबांनी ज्योत्स्नाला बाजूच्या स्टोअरमध्ये ओढल्यासारखं नेलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"मॅडम, तुमच्याकडे त्या बायकांचं बोलणं आहे ना रेकॉर्ड केलेलं? काय करतात त्या नेमकं? पाच मिनिटं ऐकवा. प्लीज."

ज्योत्स्ना शांतपणे म्हणाली, "साहेब, तुम्ही केलीत तशाच कागदावर त्यांनीही सही केलीय. हा आवाज माझ्याशिवाय कुणालाही ऐकवला जाणार नाही."

"अहो, माझी अब्रू जातेय."

"तुमचाही आवाज मी कुणाला ऐकवलेला नाही," ती म्हणाली. "मनात आलं होतं, तरी."

त्या स्टोअरमध्ये मी गप्प होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहण्याची चव मला कळली. मला ओरडून सूड घ्यायचा होता. तो तोंड मिटून घेता येतो, हे मला त्या मुलीनं शिकवलं.

साहेबांना बाहेर येऊन, पाहुण्यांच्या देखत, फरशी पुसणाऱ्या बाईपाशी जावं लागलं. "भागुबाई, जरा सांगा ना, काय करायचं ते."

"म्या येकटी काय सांगनार, साहेब? समद्यास्नी बोलवावं लागंल."

"बोलवा मग."

"तुमी बोलवा. नोटीस तुमची हाय. आमी जागा कशी सोडावी?"

साहेबांनी हाक मारली. "ए सृष्टी. आणि त्या, त्या रोलच्या बाई. आणि त्या तिकडच्या." पुढं त्यांना हाकच सुचली नाही. मशीन थांबलेलं होतं.

मग सहा जणी आल्या. टिचक्या वाजल्या, दोन रोल बाजूला गेले, दुसरे चढले. भागुबाईंची हाक आली, "वाढव गं, अजून वाढव." अर्ध्या तासात टपटप थांबली.

राजलक्ष्मी बाईंनी विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

बायका काही बोलायच्या आत साहेब पुढे झाले. "आमच्या टीमची, मॅडम."

आमच्या. तो शब्द त्या माणसानं इतक्या सहज उचलला की माझ्या बॅटरीनं पेट घेतला असता.

"छान," बाई म्हणाल्या. "टीमची म्हणजे कुणाकुणाची? नावं सांगा."

साहेबांना दोन सांगता आली. तेव्हा भागुबाई उठल्या. कंबरेला हात लावत उठल्या असाव्यात, कण्हल्याचं मी ऐकलं. त्यांनी सहाच्या सहा नावं घेतली, गावासकट. मग थांबून म्हणाल्या, "आन साहेब बी हुते की आमच्यात."

"हो का? ते काय करत होते?"

"नोटीस लावीत हुते."

आधी साखरबाई हसली, मग सृष्टी, मग पाहुणे. एकेकाचा हसण्याचा आवाज माझ्याकडे वेगवेगळा आहे.

ती नोटीस दुसऱ्या दिवशी काढून टाकली गेली. सहा जणी एकाच पाळीत राहिल्या. पण तुम्हाला वाटत असेल की साहेबांचं काही झालं, तर तसं नाही. ते त्याच खुर्चीवर आहेत आणि फलक त्याच भिंतीवर आहे. जगात सूड पुरा होत नाही, एवढं मला आता कळतं. आवडत मात्र नाही.

ज्योत्स्नानं शोधनिबंध लिहिला. पहिल्या खर्ड्यात त्या सहा जणी 'कामगार एक' ते 'कामगार सहा' होत्या. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी तिनं तो काटेवाडीच्या खोलीवर त्यांना वाचून दाखवला.

"आन आमी कुठं हाय ह्यात?" भागुबाईंनी विचारलं.

"मावशी, नावं झाकावी लागतात. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"तरास व्हायचा त्यो झाला. मागच्या बारीला आमी कोरं सोडलं आन तू बगत बसलीस. आता तू झाकतीस व्हय?"

मला बरं वाटलं. कुणीतरी तिला ते सांगायलाच हवं होतं. मग तिनं नवे कागद काढले, सहा जणींनी सह्या केल्या, आपला आवाज ठेवायलाही हो म्हणाल्या. भागुबाईंनी स्वतःचा ऐकून पाहिला. "ह्यो माजा? रेडकावानी हाय की."

निबंधावर आता लेखक म्हणून सात नावं आहेत. संपादकांनी विचारलं, या सहा लेखिकांची संस्था कोणती? तिनं लिहून पाठवलं, पॅकिंग विभाग, सकाळची पाळी. उत्तर अजून यायचंय.

आणि उद्या ती साहेबांची एक्केचाळीस मिनिटं पुसणार आहे, कागदावर लिहिलंय तसं. दुसरी प्रत नाही. तिच्या जागी मी असतो तर ठेवली असती. ती ठेवणार नाही, कारण ती तशी आहे.

साहेबांचा आज पुन्हा फोन आला होता. या महिन्यातला चौथा.

"मॅडम, पुसलं का?"

"उद्या पुसते, साहेब."

"कॉपी नाही ना कुठं?"

"नाही."

"नक्की ना? म्हणजे तुम्ही सांगताय, पण..."

फोन ठेवल्यावर मला समजलं की माझं काम झालंय. ती शब्द पाळेल, आणि त्या माणसाला ते कधीच खरं वाटणार नाही. त्यानं स्वतः असा शब्द कधी पाळला नाही. मग दुसऱ्यानं पाळलेला तो ओळखणार कसा? माझ्यातून ती मिनिटं उद्या निघून जातील. त्याच्या डोक्यात ती चालूच राहतील, प्रत्येक बैठकीत, प्रत्येक वेळी दार वाजलं की.

तुम्हा वाचणाऱ्यांकडे एकच मागणं आहे. बारामतीच्या बाजूला कधी गेलात आणि एखाद्या साहेबानं तुम्हाला उगाचच विचारलं, पुसलेला आवाज परत येतो का हो, तर नाही म्हणून सांगू नका.